लाल खडूची खूण

लेमर या बंदराच्या गावातल्या माणसांचा एक स्वभाव आहे. जे डोळ्यांना दिसत नाही ते नाहीच, असं धरून चालायचं. वारासुद्धा ही मंडळी शीड फुगल्यावरच मान्य करतात. आणि नेमका अशा गावात चित्स्के तोल्स्माच्या वाट्याला आजार आला तो न दिसणारा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

चित्स्के शिडं शिवायची. बंदराच्या मागच्या बाजूला, दोरखंडाच्या जुन्या गोदामावर तिची माडी होती. गुळगुळीत लाकडी जमीन, उत्तरेला एक मोठी खिडकी, भिंतीवर मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं. गावातल्या निम्म्याहून जास्त बोटींची शिडं तिच्या हातून गेलेली. पण ज्या शिडांवर तिनं आयुष्य काढलं, ती वाऱ्यावर उभी राहिलेली तिनं पाहिली ती खिडकीतून, पडदा बोटभर सरकवून. मुलं तिला वटवाघूळ म्हणायची. मोठी माणसं तसं म्हणायची नाहीत, मुलांना म्हणू द्यायची.

नऊ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. पूर्वी बटाटे आणि दलदलीतून कापलेली जळाऊ माती वाहणाऱ्या सपाट बुडाच्या बोटी आता उन्हाळ्यात शर्यतीला उतरतात, आणि तोल्स्मांची बोट त्यात नसेल तर लेमरला उन्हाळा आलाच नाही असं समजावं. त्या वर्षी बाबांनी पहिल्यांदा तिला बरोबर घेतलं. ती बोटीच्या पुढच्या भागातल्या लाकडी झाकणावर पाय सोडून बसली होती. तासाभरात हातांना खाज सुटली, मग सुया टोचायला लागल्या, आणि मग कातडीच्या आत कुणी उकळतं तेल सोडावं तशी अंगाची लाही लाही झाली. वरून ऊन आणि खालून पाण्यावरची चकाकी. तिनं हात बादलीत बुडवले आणि हंबरडा फोडला.

बाबा सुकाणूवरून ओरडले, "काय झालं?"

"भाजतंय, बाबा! घरी चला!"

"बघू. कुठे काय दिसतंय? लाल नाही की फोड नाही. सोंगं पुरेत, खाली जाऊन बस."

तिचा भाऊ वीत्से तेव्हा तेरा वर्षांचा होता. पुढच्या शिडाची दोरी त्याच्या हातात होती. त्यानं बहिणीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि दोरी धरून राहिला. बोट वळली नाही. तीन तासांनी तिसऱ्या नंबरानं आली, आणि त्याचा चषक कपाटावर आला. चित्स्के तीन दिवस ओल्या फडक्यात हात गुंडाळून बसली होती. त्या चषकाकडे पुढे कितीतरी वर्षं तिनं पाहिलं नाही.

डॉक्टर म्हणाले, शाळेची भीती असेल. बाई म्हणाल्या, लाडावलीय. ज्याचं जळतं त्याला कळतं, पण सगळ्यांपुढे जळत असूनही धूर निघत नसेल तर माणसानं करावं काय?

तिला वाचवलं आजोबांनी. तेही असं की त्यांनी एकदाही विचारलं नाही, खरंच दुखतं का म्हणून. माडीचं दार उघडून एवढंच म्हणाले, "इथे उजेड उत्तरेचा आहे. ऊन येत नाही. सुई धर." त्यांच्या वेळी सुती शिडं मोठ्या हंड्यात काथाच्या पाण्यात शिजवायचे. तोच काथ, पानात घालतात तो, जहाजातून पूर्वेकडून यायचा. त्यानं कापड तपकिरी व्हायचं, पण तपकिरी व्हायला म्हणून कुणी शिजवत नसे. शीड कुजू नये म्हणून शिजवायचे, रंग आपला आपण यायचा. आता कापड कारखान्यातून येतं, त्याला कुजण्याचं भय नाही, तरी लोक तपकिरीच मागतात. जुन्या बोटीला शोभतं म्हणून. आजोबा अशा कापडाला "तोंड रंगवलेलं शीड" म्हणायचे.

आणखी एक गोष्ट आजोबांची. त्यांचा थोरला भाऊ नोव्हेंबरातल्या वादळात बोटीसकट बुडाला होता. मोठ्या शिडाची एक शिवण विरलेली होती, ती फाटली. नंतर कळलं, की ती विरलेली शिवण खलाशानं पाहिली होती, शेजाऱ्यानं पाहिली होती, बायकोनंही पाहिली होती. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणी सांगेल. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही ही आमच्याकडची सभ्यता, तिनं एक माणूस खाल्ला. तेव्हापासून तोल्स्मांच्या घरात एक नियम. कमकुवत जागा ज्याला दिसेल त्यानं लाल खडूनं तिच्याभोवती गोल काढायचा. मग ते मूल का असेना. आणि खूण झालेलं शीड उघडून तपासल्याशिवाय वर चढवायचं नाही. वाद नाही, विचारणा नाही, राजानं बोलावलं तरी बोट निघणार नाही. मेणाचा तो जाड लाल खडू चित्स्केच्या एप्रनच्या खिशात कायम असायचा, बाकीच्यांच्या खिशात रुमाल असतो तसा.

वीत्सेची मुलगी यिल्दौ. तिची आई लीउवार्डनला नोकरीला, संध्याकाळशिवाय घरी नसायची, म्हणून शाळा सुटली की पोर आत्याच्या माडीवर. शिडाच्या घड्यांत लपायची, मेणाच्या गोळ्यांची माणसं करायची. ती पाच वर्षांची असताना एकदा चित्स्केला भर दुपारी रस्ता ओलांडून पावाच्या दुकानात जावं लागलं. हातमोजे घरी विसरले आणि रांगेत दहा मिनिटं काचेतून ऊन आलं. परत येऊन ती स्टुलावर बसली, कुणाला काही बोलली नाही. बोलून उपयोग नसतो हे तिला तोवर पाठ झालं होतं. थोड्या वेळानं यिल्दौ खालून गोठलेल्या मटारांची पिशवी घेऊन आली आणि तिच्या हातांवर ठेवली.

"आत्या, दुखतंय ना?"

"तुला गं कसं कळलं?"

"तू हात असे धरतेस," म्हणत पोरीनं बोटं फाकवून दाखवली. "जास्तच दुखत असलं तर तू शिवतपण नाहीस."

चित्स्के तेव्हा बत्तीस वर्षांची होती. 'दुखतंय ना' हे तिला विचारणारं पहिलं माणूस हे, आणि त्याला अजून बुटांची नाडीही बांधता येत नव्हती. ती मटारांची पिशवी ती जन्मात विसरली नाही. देवळात जाऊन जे मागतात आणि मिळाल्यावर ज्याचे आभार मानतात, ते तिला त्या दुपारी स्टुलावर बसल्याबसल्या मिळालं.

आजाराला नाव मिळालं ते एकोणचाळिसाव्या वर्षी. जवळच्या स्नेक शहरातल्या इस्पितळात एक तरुण डॉक्टर आली होती, तिनं रक्त तपासायला पाठवलं. रक्तातला लाल रंग तयार होताना एक द्रव्य उरतं, ते कातडीत साठतं आणि उजेड पडला की पेटतं. जन्मतःच असतं, फार थोड्यांना असतं, आणि बाहेरून बहुतेक वेळा काहीही दिसत नाही. "तुम्ही खोटं बोलत नव्हता," डॉक्टर म्हणाली. चित्स्केनं तो कागद घेतला आणि बसमध्ये बसून स्नेक ते लेमर रडली. बाबा आदल्याच हिवाळ्यात गेले होते, त्यांना दाखवायचं राहून गेलं. वीत्सेला दाखवला. त्यानं तो दोनदा वाचला, "हं" म्हणाला, आणि बिस्किटांचा डबा पुन्हा उघडून तिच्यापुढे धरला. आमच्याकडे कॉफीबरोबर एक बिस्किट मिळतं आणि डबा बंद होतो. दुसऱ्यांदा डबा उघडणं म्हणजे वीत्सेच्या मानानं भाषणच झालं.

आणखी सात वर्षांनी रॉटरडॅमहून पत्र आलं. उपचार मंजूर झाला होता, ज्यांना हा आजार आहे त्यांच्यासाठीच. तांदळाच्या दाण्याहून थोडी लांब अशी एक कांडी कमरेच्या हाडावर कातडीखाली घालायची. ती हळूहळू विरघळते, कातडी आतून सावळी होते, आणि ऊन सोसायला लागतं. दर दोन महिन्यांनी, वसंतापासून पानगळीपर्यंत. कांडी घालणारी परिचारिका मार्लूस हेगेमान, बोलण्यात गोड आणि कामात कडक. कांडी घालण्याआधी ती चित्स्केला दिव्याखाली उभं करायची आणि डोक्यापासून टाचेपर्यंत एकेक तीळ पाहायची, फोटो काढायची, गेल्या खेपेच्या फोटोशी ताडून बघायची.

"दर खेपेला काय बघता हो त्यात?" चित्स्केनं पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"तुम्ही शिडं कशी बघता?"

"हातभर हातभर. जमिनीवर पसरून."

"मग झालं तर. हे औषध रंगाला जागं करतं. सगळ्याच रंगाला. एखादा तीळ वेडावाकडा जागा होत असेल तर मला आधी कळायला हवं. कडा फाटल्यासारखी झाली, रंग दोन झाले, वाढला, रक्त आलं, तर माझी वाट बघायची नाही."

त्या वर्षीच्या मे महिन्यात चित्स्के बंदराच्या कठड्यावर बसून मासा खाऊन आली. कांदा घातलेला कच्चा हेरिंग, शेपटीला धरून, डोकं मागे टाकून, उन्हात. पंधरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी वीस. हात फिरवून फिरवून पाहत होती, पण आग पेटली नाही. समोरून पावाची दुकानवाली गेली तर ही शेचाळीस वर्षांची बाई तिला म्हणाली, "ऊन आहे!" दुकानवाली म्हणाली, "दिसतंय की." तिला काय कळणार! चित्स्केनं मनातल्या मनात मार्लूसचे, त्या तरुण डॉक्टरचे, ज्यानं कोणी ती कांडी शोधली त्याचे, आणि रॉटरडॅमला नेणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरचेसुद्धा आभार मानले.

आता तिची चूक. एक्कावन्नावा वाढदिवस, एप्रिलमधला. रीतीप्रमाणे खुर्च्या गोल मांडलेल्या, मधे गुलाबी साखरेचा केक, पाहुणे एकमेकांच्या गुडघ्यांकडे बघत बसलेले. कुणीतरी म्हणालं, "चित्स्के, तू तर आमच्याहून सावळी झालीस की!" आणि गावात आयुष्यभर पांढरीफटक म्हणून चिडवली गेलेली चित्स्के फुशारली. तिनं स्वेटर चार बोटं वर करून कमरेवरची पट्टी दाखवली. "हा बघा माझा उन्हाळा! एक दाणा पेरला की झालं. तुम्ही बसा पैसे भरून स्पेनला जात." सगळे हसले. यिल्दौही हसली. ती आता चोवीस वर्षांची होती, बापाच्या बोटीवर पुढच्या शिडाची दोरी सांभाळायची, केस तांबडे आणि कातडी अशी की दोन तासांत उकडलेल्या खेकड्यासारखी व्हायची. बोटीवरची मुलं तिला "दुधाची बाटली" म्हणायची.

जूनमध्ये यिल्दौ तपकिरी झाली. कुठे गेली नाही, आली नाही, आणि तपकिरी. लेमर खूश. लेमरला जे दिसतं ते पटतं. "काय छान दिसतेस गं," जो तो म्हणायचा. चित्स्केला मात्र दुसरंच दिसलं. पोरगी सकाळी कॉफीचा वास आला की तोंड फिरवायची, चेहरा मधेच तापल्यासारखा लाल व्हायचा, आणि नाकावरच्या ठिपक्यांचा रंग शाईसारखा झाला होता. एकदा माडीवर तिची पिशवी कलंडली आणि नाकात फवारायची एक छोटी बाटली घरंगळत शिडावर आली. वर आंब्याचं चित्र. ना कारखान्याचं नाव, ना तारीख.

"सर्दी झालीय का गं?"

यिल्दौनं बाटली उचलली. "तुझंच औषध आहे ते, आत्या. तुला इस्पितळात टोचतात, मी नाकात मारते. फोनवरून मागवलं. नखं रंगवणारी एक मुलगी विकते."

"माझंच कसं असेल? माझ्या कांडीचा नंबर मार्लूस वहीत लिहिते. याच्यावर काय लिहिलंय? आंबा?"

"म्हणजे तू सावळी झालीस तर उन्हाळा, आणि मी झाले तर नटवी? आपला तो बाब्या!"

ते झोंबलं, कारण अर्धं खरं होतं. वाढदिवसाला स्वेटर वर करून जाहिरात केली ती चित्स्केनंच. दुसऱ्या दिवशी तिनं रॉटरडॅमला फोन लावला आणि आधी स्वतःची चूक सांगितली, मग बाटलीची.

मार्लूस म्हणाली, "तुमच्यातलं आणि त्या बाटलीतलं लांबून नातं असेल, चित्स्के. पण चुलत भाऊ सज्जन आहे म्हणून कुणी अनोळखी माणसाला घरात घेत नाही. तुमच्या औषधाचा डोस ठरलेला आहे, तुमचं दुखणं त्याहून मोठं आहे, म्हणून आम्ही ती जोखीम पत्करतो आणि वर पाळत ठेवतो. त्या बाटलीत काय आहे, किती आहे, स्वच्छ आहे का, देव जाणे. आणि तिच्या अंगावरचे तीळ कोण बघतंय?"

कुणीच बघत नव्हतं, आणि हेच चित्स्केच्या मनात घर करून बसलं. कारण यिल्दौच्या डाव्या खांद्यामागे एक तीळ होता, लहानपणापासून. आंघोळीनंतर पाठ पुसताना चित्स्के त्याला टिचकी मारून "बेल वाजली, दार उघडा" म्हणायची. फिकट, गोल, मसुराच्या डाळीएवढा. जुलैमध्ये यिल्दौ बिनबाह्यांचा सदरा घालून शीड उचलायला आली तेव्हा तिला तो दिसला. आता डाळीचा चांगला वाटाणा झाला होता. एका बाजूनं डांबरासारखा काळा, आणि कडा उंदरानं कुरतडल्यासारखी.

"यिल्दौ, डॉक्टरला दाखव."

"दाखवते."

चार दिवसांनी विचारलं, "दाखवलास?"

"शर्यत होऊ दे, आत्या."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पोरगी भडकली. "तुला सगळ्यांनी आयुष्यभर छळलं म्हणून आता तू मला छळणार का? मला काही दुखत नाहीये!"

चित्स्केला हसावं की रडावं कळेना. तिला स्वतःला दुखत होतं तेव्हा कुणाला दिसत नव्हतं, आणि आता दिसत होतं तर पोरीला दुखत नव्हतं. तिनं फवारा सोडायला सांगितलं, तोही यिल्दौनं सोडला नाही. वीत्सेला सांगावं तर तो आणि मुलगी शर्यतीच्या तयारीत गुंतलेले. आणि खरं सांगायचं तर चित्स्केच्या पायातही एक बेडी होती. मार्च महिन्यात वीत्से माडीवर येऊन खिडकीबाहेर बघत म्हणाला होता, "यंदा मागच्या दोरीला एक माणूस कमी आहे." पाच वर्षं ती उन्हात हिंडत होती, पण बोटीवर ये असं त्यानं म्हटलं नव्हतं आणि येऊ का असं तिनं विचारलं नव्हतं. बेचाळीस वर्षांनी तोल्स्मांची शर्यत ती डेकवरून पाहणार होती. आता भांडण काढलं तर? तिला स्वतःची लाज वाटली, पण विचार आला तो आला.

शर्यत बुधवारी. दहाला सुरुवातीची तोफ. आभाळ स्वच्छ, वारा दक्षिणेचा, पाण्यावर अशी चकाकी की साध्या माणसालाही डोळे बारीक करावे लागावेत. चित्स्के मागच्या दोरीशी उभी होती, टोपीशिवाय. वर मोठं शीड चढलं, तिच्याच हातचं, आणि वाऱ्यानं भरून कलंडलं तेव्हा तिला वाटलं, आता मेले तरी चालेल. आजोबांची आठवण आली. ऊन हातांवर पडत होतं आणि हात गप्प होते.

सुरुवातीच्या रेषेकडे बोट निघाली. यिल्दौ पुढून दोरी घ्यायला मागे आली, वाकली, आणि जाकीट काढून फेकलं. आत पोहण्याचा पोशाख होता. डाव्या खांद्याचा पट्टा तिळावर घासला होता आणि तिथून रक्ताचा एक थेंब ओघळून वाळला होता.

मार्लूसचे शब्द चित्स्केला जसेच्या तसे आठवले. रक्त आलं तर वाट बघायची नाही. आणि आजोबांचा भाऊही आठवला, ज्याची शिवण सगळ्यांनी पाहिली होती.

तिनं दोरी खुंटीला अडकवली, खिशात हात घातला, दोन पावलं पुढे झाली आणि पोरीच्या उघड्या पाठीवर, तिळाभोवती, लाल खडूनं गोल काढला.

"आत्या! काय करतेस!" यिल्दौ गर्रकन वळली. मग तिला आत्याच्या हातातला खडू दिसला.

"खूण केलीय," चित्स्के म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा होता. "वीत्से, खूण केलीय मी."

बोटीवर चौदा माणसं. मोठ्या दोरीवरचा हार्मेन हसला, "अहो, ती काय शीड आहे का? पाच मिनिटांत तोफ होईल."

वीत्सेनं सुकाणूवरून आधी मुलीची पाठ पाहिली, त्यावरचा लाल गोल, त्यातला काळा डाग. मग बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, म्हणजे दोन श्वासांएवढा, पण सुकाणूवर तो फार असतो.

"हार्मेन, दोरी सोड," तो म्हणाला.

"वेड लागलंय का? यंदा आपण पहिले..."

"खूण झालीय. बोट वळतेय. डोकी सांभाळा."

आणि बोट वळली. सतरा बोटी रेषेकडे चाललेल्या आणि तोल्स्मांची एकटी उलट्या तोंडानं बंदराकडे. काठावर माणसं उभी राहून बघायला लागली. यिल्दौ डेकवर खाली बसली होती, गुडघ्यांत डोकं घालून, आणि तिच्या पाठीवरचा लाल गोल उन्हात चमकत होता. चित्स्के तिच्या शेजारी बसली. रागावली असेल, जन्मभर बोलणारही नाही कदाचित, असं वाटत होतं. मागून तोफ ऐकू आली. तेवढ्यात यिल्दौनं न बघता हात पुढे केला आणि आत्याचा हात धरला.

"मला भीती वाटत होती म्हणून गेले नाही," ती म्हणाली. "दहा दिवस आरशात बघतेय मी."

"कळलं मला."

"कसं?"

"तू पाठ भिंतीला लावून बसायला लागलीस," चित्स्के म्हणाली.

गावातल्या डॉक्टरांनी भिंगातून एकदाच पाहिलं आणि तिथल्या तिथे स्नेकला फोन केला. दुसऱ्या दिवशी तीळ काढला. नंतरच्या बुधवारी निकाल आला. यिल्दौ तो घेऊन सरळ माडीवर आली, मागोमाग वीत्से. कर्करोगच होता, कातडीचा, वाईट जातीचा. पण वरच्या थरातच होता, पुरता निघाला होता. भोवतीची थोडी कातडी आणखी काढतील, मग दर तीन महिन्यांनी तपासणी. "फवाऱ्यामुळंच झालं असं डॉक्टर म्हणत नाहीत," यिल्दौ म्हणाली. "म्हणाल्या, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण तो मारत राहिले असते तर सगळेच ठिपके काळे झाले असते आणि हा एक त्यांच्यात लपून गेला असता. आणि म्हणाल्या, वेळेत आलात. कुणी पाहिला, म्हणून विचारत होत्या."

"मग काय सांगितलंस?"

"शिडं शिवणाऱ्या बाईनं." ती हसायला गेली आणि रडली. मग आंब्याचं चित्र असलेली ती बाटली तिनं पिशवीतून काढून आत्याच्या हातात दिली. "ही मार्लूसबाईंना दे. आत काय आहे ते बघायचं असेल तर बघू देत." नंतर म्हणाली, "पुढच्या खेपेला रॉटरडॅमला मी येते तुझ्याबरोबर. बिस्किटांचा डबा मी आणीन."

चित्स्केनं डोळे मिटून घेतले आणि एवढंच म्हणत राहिली, मनात, देवा, फार झालं, फार दिलंस. एकोणीस वर्षांपूर्वी या पोरीनं हातावर मटारांची पिशवी ठेवली होती. त्याची फेड होत नसते, पण हातून काहीतरी झालं.

यिल्दौ आईला फोन करायला खाली गेली. वीत्से तिथेच उभा होता. जमिनीवर मोठं शीड पसरलेलं होतं, आणि शिडावर कुणी बसत नाही हे माहीत असूनही तो त्याच्यावर बसला. टोपी हातात फिरवत राहिला. कपाटावरचा तो जुना चषक त्यानं त्याच आठवड्यात उतरवून ठेवला होता, हे चित्स्केला पुढे वहिनीकडून कळलं.

"तेव्हा," तो म्हणाला. "बाबांच्या बोटीवर. तू ओरडत होतीस."

"हं."

"दुखत होतं ना?"

चित्स्केनं सुई कापडात खोचून ठेवली. हा प्रश्न त्याच्याकडून यायला बेचाळीस वर्षं लागली, आणि आला तेव्हा तिच्या मनात त्याच्यावर रागावण्याएवढीही जागा उरलेली नव्हती.

"हो रे," ती म्हणाली. "फार दुखत होतं."

"मी बाबांना वळवा म्हणायला हवं होतं. दोरी माझ्या हातात होती."

"तेरा वर्षांचा होतास तू." ती उठली, त्याच्या शेजारी शिडावर बसली, आणि तिनं आपला सावळा हात त्याच्या हातावर ठेवला. "गेल्या बुधवारी वळवलीस की."

वीत्सेनं मान हलवली. मग उठल्यावर त्यानं शिडाला पडलेली चुणी हातानं सारखी करून दिली.